बदलीचा भत्ता, कोल्हापूरची आयशर आणि एक कोरी बिल्टी

आधी तारे देऊन टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. घरसामान आणणाऱ्या कोल्हापूरच्या ट्रान्सपोर्टवाल्याला साडेतीन. केंद्र सरकारच्या बदली प्रवास भत्त्याला चार. आमच्या नव्या ऑफिसच्या बिल सेक्शनला किती द्यायचे ते ठरत नाही, कारण तिथल्या क्लार्कबाईंनी मला छळलंही आणि शेवटी मार्गही त्यांनीच दाखवला.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, पगाराची लेव्हल ६. अलिबागहून कोल्हापूरला बदली झाली. घरात आम्ही चौघं: मी, बायको, सातवीतला मुलगा आणि आई. ट्रान्सपोर्टवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण सांगण्यासारखं बरं आणि वाईट दोन्ही आहे, आणि माणूस मनाने चांगला आहे. उचगावच्या बाजूला त्याचं गोडाऊन आहे, एवढं पुरे.

पॅकर्स-मूव्हर्सचे रिव्ह्यू मी बदलीच्या आधी भरपूर वाचले. सगळीकडे तेच. ‘पोरं चांगली होती, काच फुटली नाही, वेळेवर आले, धन्यवाद.’ खासगी नोकरीवाल्याला एवढं पुरतं. त्याचं सामान घरात आलं की व्यवहार संपला. आमचा व्यवहार तिथे सुरू होतो. कपाट भिंतीला लागलं, गॅस जोडला, मुलगा शाळेत जायला लागला, तरी ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेला एक चुरगळलेला कागद पुढे दोन-अडीच महिने तुमच्या नशिबावर बसून असतो. म्हणून हा रिव्ह्यू त्या कागदाच्या बाजूने लिहितोय.

आधी भत्ता काय आहे ते सांगतो, कारण खात्यातल्याच निम्म्या लोकांना नीट माहीत नसतं. सातव्या वेतन आयोगानंतर अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ ला पत्र काढलं, १ जुलै २०१७ पासून लागू. त्यात बदलीचे मुख्य तीन तुकडे आहेत. पहिला एकरकमी बदली अनुदानाचा, ज्याला ऑफिसात सगळे सीटीजी म्हणतात: शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के. नवं ठिकाण २० किलोमीटरच्या पलीकडे असलं पाहिजे. त्याच्या आत असेल आणि घर खरोखर बदलावं लागलं, तर या अनुदानाचा एक तृतीयांश. दुसरा तुकडा सामान वाहून नेण्याचा आणि तिसरा तुमच्या नि कुटुंबाच्या तिकिटांचा.

सीटीजी हा यातला राजा. त्याला पावती लागत नाही. माझं मूळ वेतन ४७,६०० होतं, त्याचे ८० टक्के म्हणजे ३८,०८०. बांधाबांध, हमाली, स्टँडपासून घरापर्यंतची रिक्षा, पडदे, नळाच्या तोट्या, जे काय असेल ते यातच बसवायचं. सरकार विचारत नाही कुठे गेले. मी चार तारे देतोय त्यातले अडीच या एका कलमाला आहेत. आयुष्यात सरकारने माझ्यावर असा डोळे झाकून विश्वास दुसऱ्या कुठल्या बाबतीत ठेवलाय असं आठवत नाही.

सामानाचं मात्र तसं नाही. लेव्हल ६ आणि वरच्यांना ६,००० किलोपर्यंत, लेव्हल ५ ला ३,००० आणि त्याखाली १,५०० किलो. रस्त्याने नेलं तर मूळ दर किलोमीटरला अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात, अशी सोय त्याच पत्रात आहे. तो १ जानेवारी २०२४ पासून ५० टक्के झाला, म्हणून माझ्या बिलात दर ६२ रुपये ५० पैसे. आणि ही कमाल मर्यादा आहे बरं का. खरा खर्च कमी असेल तर तेवढाच मिळतो, जास्त असेल तर वरचं तुमच्या खिशातून.

यातलं काहीही मिळायच्या आधी आपल्या बदलीच्या आदेशातली एक ओळ शोधायची: बदली लोकहितार्थ आहे की स्वतःच्या विनंतीवरून. विनंतीवरून असेल तर भत्ता शून्य. माझ्या आधीच्या ऑफिसातला एक सहकारी मूळचा इचलकरंजीचा. घराजवळ यायचं म्हणून साहेबांच्या मागे लागून लागून बदली करून घेतली. आदेश आला, ऑफिसात पेढे वाटले, आणि मग कोणीतरी त्याला ती ओळ बोटाने दाखवली. सामान त्याने स्वतःच्या पैशाने टेम्पोत भरून नेलं. माझी बदली रोटेशनमधली, त्यामुळे मी सुटलो.

आता ट्रान्सपोर्ट. अलिबागला गाडी मागवायची तर पनवेल-मुंबईचे पॅकर्सवाले येतात आणि भाव ऐकून सामान इथेच विकून टाकावं असं वाटतं. बायकोचं माहेर कोल्हापूरचं. मेहुण्याने सांगितलं, मुंबईची गाडी करूच नका, कोल्हापूरची करा. कोल्हापूरच्या गाड्या वाशीला माल उतरवून परत येतात, रिकामं येण्यापेक्षा तुमचं सामान घेतील. हा सल्ला अगदी बरोबर निघाला. मुंबईवाले चाळीसच्या पुढे बोलत होते. उचगाववाल्याने सतरा फुटी आयशर, पॅकिंग, चढवणं-उतरवणं धरून साडेएकतीस हजार सांगितले. फोनवर मी त्याला एकच गोष्ट परत परत सांगितली: मी सरकारी नोकर आहे, मला भाडं वेगळं आणि पॅकिंग-हमाली वेगळी, असं बिल पाहिजे. का, तर पॅकिंग-हमाली सीटीजीत धरलेली असते, ती परत मागता येत नाही. सामानाच्या कलमात फक्त वाहतुकीचं भाडं चालतं. तो म्हणाला, “साहेब, काय काळजीच करू नका. निम्मं कोल्हापूर सरकारी नोकरांचंच हाय. आम्हाला सगळं म्हाईत हाय.”

बांधाबांधीला पाच तारे दिले असते. तीन पोरं आणि एक मुकादम आले होते. मुकादमाचं वय साठीच्या आसपास, तोंडात पान, बोलणं जवळजवळ नाही. त्याने घरात शिरल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि काही न बोलता आईच्या पाट्या-वरवंट्यापाशी थांबला. वरवंटा वेगळा, गोणपाटात. पाटा वेगळा, त्याच्यावर कुठलीही पेटी ठेवायची नाही, आणि तो गाडीत सगळ्यात आधी, केबिनच्या मागे तळाला. काचेच्या बरण्या आईच्या लुगड्यांच्या घड्यांत गुंडाळल्या. बबल रॅप होता, पण त्याने तो टीव्ही आणि मिक्सरसाठी ठेवला. लुगड्यांचं कापड बरणीला जास्त धरून बसतं असं त्याचं म्हणणं, आणि एकही बरणी फुटली नाही. देव्हाऱ्याला मात्र त्याने हात लावला नाही, आईलाच म्हणाला, “म्हातारे, देव तू घे मांडीवर, देव्हारा आम्ही आणतो.” आईने तसंच केलं. एवढं सगळं करताना पेट्यांवर नंबर घातले आणि एका वहीत कुठल्या पेटीत काय ते लिहिलं. ती वही पुढे फार कामाला आली, पण ते नंतर.

गाडी निघायच्या दिवशीच कळलं, की आर. के. नगरात आम्ही घेतलेल्या फ्लॅटचा आधीचा भाडेकरू अजून हलायचा आहे. ट्रान्सपोर्टवाल्याने हात झटकले नाहीत. “राहू दे की गोडाऊनमधी. पोरं माझी, गोडाऊन माझं.” सामान मे अखेरीस अलिबागहून भरलं गेलं आणि उचगावला उतरलं. आमच्या फ्लॅटवर ते जूनच्या मध्यावर आलं. मधल्या काळाचं गोडाऊन भाडं त्याने किरकोळ घेतलं, जे सरकार देत नाही आणि ज्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती कागदावर.

ट्रान्सपोर्टचा मूळ कागद म्हणजे बिल्टी. गाडी नंबर, कुठून-कुठे, मालाचं वर्णन, वजन, भाडं आणि खाली एक चौकोन असतो: माल मिळाल्याची तारीख आणि सही. फ्लॅटवर सामान उतरत होतं तेव्हा कोल्हापुरात पाऊस असा लागला होता की पेट्या प्लॅस्टिकखालून पळवत आणाव्या लागत होत्या. ड्रायव्हर आधी स्टेशनच्या बाजूने यायला निघाला होता. त्याला फोनवर सांगितलं, बाबा, परीख पुलाखालून तुझी आयशर जायची नाही, आणि पाऊस पडल्यावर तिथे माणूसही जात नाही. तावडे हॉटेलापाशी आत वळू नको, पुढे सरनोबतवाडीवरून विद्यापीठाच्या बाजूने ये. तर असा आला. उतरवून झाल्यावर मुकादमाने बॉनेटवर बिल्टी ठेवून माझी सही घेतली. तारखेच्या जागी मी लिहायला लागलो तर म्हणाला, “तारीख हापिसात घालत्यात, शिक्क्यासंगं.” कागद त्याच्या वहीत गेला. आठवड्याने मला प्रत मिळाली, तिच्यावर शिक्का होता, सही होती आणि तारखेचा चौकोन कोरा होता. वरच्या कोपऱ्यात भरतानाची मे अखेरची तारीख मात्र ठळक.

आणि बिल? बिल आलं एकाच ओळीचं. ‘घरसामान वाहतूक, अलिबाग ते कोल्हापूर, पॅकिंगसह, ३१,५००.’

त्या एका ओळीमागे जुलै संपूर्ण गेला. फोन केला की उद्या देतो. गोडाऊनवर गेलो की शेठ बाहेर गेलेत. शेठ भेटले तर चहा, भजी, गप्पा, आणि बिल बदलायचा विषय काढला की, “साहेब, जीएसटीचं रिटर्न भरून झालंय, आता त्या बिलाला हात लावला की आमचा सीए मला धरतोय.” त्याचंही खोटं नव्हतं. पण फोनवर मी घसा फोडून सांगितलं होतं ते कुठे गेलं? शेवटी त्यांच्या ऑफिसातल्या हिशेबनीस मुलीने मार्ग काढला. बिल तसंच ठेवलं आणि लेटरहेडवर त्या बिलाचा नंबर घालून फोड दिली: वाहतूक भाडं २४,०००, पॅकिंग आणि हमाली ७,५००. खाली सही-शिक्का. हे जूनमध्येच झालं असतं तर मी चार तारे दिले असते.

आता बिल सेक्शन. बदलीचं बिल जीएआर १४-ब या नमुन्यात जातं. सोबत बदली आदेश, कार्यमुक्ती आदेश, रुजू अहवाल, तिकिटं, बिल्टी, बिल. मुदत ६० दिवस. पूर्वी एक वर्ष होती, २०१८ च्या मार्चपासून ती ६० दिवसांवर आली. मात्र हे ६० दिवस सगळ्यांचे एकत्र मोजत नाहीत, आणि हेच बहुतेकांना माहीत नसतं. तुमच्या प्रवासाचे वेगळे, कुटुंब मागाहून आलं तर त्यांचे वेगळे, आणि सामानाचे मोजायचे ते सामान नव्या ठिकाणी तुमच्या ताब्यात मिळालेल्या तारखेपासून. कुटुंबाने तुमच्या आधी महिनाभर किंवा नंतर सहा महिन्यांत प्रवास केला तरी चालतो. माझा स्वतःचा प्रवास मेमध्ये झाला, त्याचं बिल मी लगेच लावलं होतं. कुटुंबाचं आणि सामानाचं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लावलं.

बिल सेक्शनच्या क्लार्कबाईंकडून आक्षेपाचा कागद आला. अक्षर सुंदर होतं, ते कबूल.

पहिला आक्षेप ‘पत्नीचे तिकीट निम्म्या दराचे का?’ वाचून मी आधी हसलो. मग कळलं त्या गंभीर आहेत. बाई बदलून नुकत्याच गुजरातमधून आलेल्या. त्यांना सांगितलं, मॅडम, महाराष्ट्रात एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. अलिबाग ते पुणे एसटी, पुणे ते कोल्हापूर एसटी, दोन्हीकडे अर्धं. मुलाचंही अर्धं, त्याचं वय बारा व्हायचं आहे म्हणून. त्या म्हणाल्या, मग तुमच्या आईचं तिकीट कुठे आहे? आईचं वय अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट नेते, ऑगस्ट २०२२ पासून. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट दिलं होतं, ते मी बिलाला लावलंच नव्हतं, कारण आईला वडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि ते अवलंबित ठरण्याच्या उत्पन्न मर्यादेच्या वर जातं. म्हणजे भत्त्याच्या हिशेबात आई माझ्या कुटुंबात धरली जात नाही. हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “सरकार मला धरत न्हाई, एसटी धरती. मग एसटीच बरी.” माझं तिकीट सोडलं तर सरकारला घरच्या तिघांमागे मोजून दोन अर्धी तिकिटं पडली. एवढ्या स्वस्तात कुठल्या खात्याने कुटुंब हलवलं असेल?

दुसरा आक्षेप अंतराचा. मी पुण्यावरून ३७५ किलोमीटर लावले होते, गाडी आली त्याच रस्त्याने. बाईंनी मोबाइलवर नकाशा काढला आणि महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, सातारा असा रस्ता दाखवला: ३५० किलोमीटर. नियम जवळच्या मार्गाचा आहे, त्याप्रमाणे दर ३५० ला. म्हणजे २३,४३७ रुपये ५० पैशांऐवजी २१,८७५. मी ड्रायव्हरला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि विचारलं, सतरा फुटी आयशर घरसामान भरून आंबेनळीतून आणशील का? तो म्हणाला, “आणतो की. कपाट तेवढं दरीतनं शोधून घ्या.” बाई हसल्या, पण नियमात हसण्याचं कलम नाही. लांबचा मार्ग धरायला सक्षम अधिकाऱ्याने कारण नोंदवून मान्यता दिली तर तो धरता येतो, अशी तरतूद आहे. मी अर्ज दिला. तो अर्ज आमच्या ऑफिसातल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि दुसऱ्यावरून परत पहिल्यावर आला. १,५६२ रुपये ५० पैशांसाठी किती दिवस बिल अडवून ठेवायचं? मी ३५० मान्य करून टाकले. अर्धा तारा इथे कापला.

तिसरा आक्षेप खरा जिवावरचा. बिल्टीवरची भरल्याची तारीख मे अखेरची, माल मिळाल्याची तारीख नाही, बिल ऑगस्टमध्ये. भरल्यापासून मोजलं तर ६० दिवस जुलै अखेरीसच संपले. म्हणजे सामानाचा संपूर्ण दावा बाद. उचगावला गेलो. शेठ म्हणाले, आण इकडे, घालतो तारीख. मी नको म्हटलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या शाईत घातलेली तारीख कुठल्याही ऑडिटरला लांबूनही दिसते, आणि मग खरं सामान खोटं ठरतं.

तेव्हा त्याच क्लार्कबाईंनी विचारलं, तुमच्या सोसायटीला वॉचमन आहे का? आहे. तो रजिस्टर ठेवतो का? ठेवतो की! आमच्या वॉचमनकाकांचं रजिस्टर म्हणजे शाळेची दोनशे पानी वही, कव्हरवर छत्रपती शाहू महाराजांचा फोटो. पावसाने पानं फुगलेली, पण जूनच्या मध्यावर ती ओळ होती: तारीख, आयशरचा नंबर, ‘घरसामान, तिसरा मजला, आत ११.२०, बाहेर ४.१०’. गाडीचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळत होता. चेअरमननी झेरॉक्सवर सही-शिक्का दिला. मग मला मुकादमाची वही आठवली. उचगावच्या गोडाऊनमधून ती काढवली. त्यात आमच्या पेट्यांची यादी आणि तिच्या शेवटी त्याने त्याच्या पद्धतीने लिहिलेलं: कधी गोडाऊनला उतरल्या, कधी घरपोच झाल्या, आणि ‘म्हातारीचा पाटा नीट’. तेही झेरॉक्स करून लावलं. दोन्ही कागद बघून बाईंनी शेरा मारला: प्रत्यक्ष ताबा जूनमध्ये, दावा मुदतीत. बिल पास झालं.

पैशाचा हिशेब मांडतो, कारण विचारणारे तेच विचारतात. सीटीजी ३८,०८०. सामानाचे २१,८७५. तिकिटांचे किरकोळ. आणि गेले किती? भाडं आणि पॅकिंगचे ३१,५००, गोडाऊन, फ्लॅटच्या एजंटला एक महिन्याचं भाडं, मुलाच्या शाळेचा प्रवेश आणि दोन गणवेश, सुतारकाम, आणि अलिबागच्या खाऱ्या हवेने गंजलेला एक पलंग बाद करून नवा घेतला तो. सगळं धरून जवळपास तोंडमिळवणी झाली. फायदा झाला नाही आणि कर्जही काढावं लागलं नाही. वर बदलीचा प्रवास भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त असतो, जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालींत. हातात पैसे नसतील तर निघण्याआधी बिनव्याजी अग्रिम, म्हणजे उचल, मागता येतो. सातव्या आयोगानंतर बरेचसे बिनव्याजी अग्रिम बंद झाले, पण हा राहिला.

अजून काही सुट्या गोष्टी. गाडी आणि स्कूटर दोन्ही असतील तर लेव्हल ६ च्या माणसाला एकाच वाहनाचा खर्च मिळतो. १,००० किलोमीटरच्या आतल्या बदलीला रुजू व्हायला १० दिवस मिळतात. ते सगळे न वापरता लवकर रुजू झालात तर उरलेले अर्जित रजेत जमा होतात, ते मागून घ्या, आपणहून कोणी करत नाही. नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारात असतील आणि एकाच ठिकाणी बदली झाली तर नीट बघा: एकाच्या बदलीनंतर ६० दिवसांच्या आत दुसऱ्याची झाली तर दुसऱ्याला सीटीजी नाही, ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली तर निम्मा. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग असतात: अलिबाग झेड वर्गात, कोल्हापूर त्याच्या वरच्या वाय वर्गात, त्यामुळे माझा घरभाडे भत्ता १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला. आर. के. नगरातलं भाडं ऐकल्यावर तो आनंद फार टिकला नाही. आणि हे सगळं केंद्राच्या कर्मचाऱ्यांचं. राज्य सरकारच्या माणसाने माझे आकडे घेऊन आपल्या ऑफिसात भांडू नये, त्यांचे नियम वेगळे आहेत.

परत ट्रान्सपोर्टवाल्याकडे. स्कूटरचा डावा आरसा येताना तुटला. शेठने दुसऱ्याच दिवशी शाहूपुरीतल्या दुकानातून नवा आणून बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, दिलगिरीही व्यक्त केली नाही, नुसता पाना घेऊन माणूस पाठवला. हीच माणसं, आणि हीच माणसं बिलाला महिनाभर हेलपाटे मारायला लावतात. सामान हाताळणीला पाच, भावाला पाच, शब्दाला चार, कागदाला शून्य. सरासरी साडेतीन.

तुम्हाला नंबर हवा असेल तर मेहुण्यामार्फत मिळेल, कोल्हापुरात कोणाचा मेहुणा कोणाला ओळखत नाही असं होत नाही. गाडी ठरवताना भाव नंतर करा, आधी त्यांच्या हिशेबनीस मुलीशी बोलून फोडीचं बिल कसं निघणार ते ठरवून घ्या. आणि सामान उतरलं की बॉनेटवर बिल्टी ठेवलेली असेल, कितीही पाऊस असो, तारखेच्या चौकोनात स्वतःच्या पेनाने तारीख घाला आणि मोबाइलवर फोटो काढल्याशिवाय मुकादमाच्या वहीत तो कागद जाऊ देऊ नका. मुकादम नको म्हणेल. त्याला पान आणून द्या.